दुसऱ्या भेटीतील गोवे

सोळाव्या आणि सतराव्या शतकांत गोवे शहर पाहून त्यावर लिहिणाऱ्या परदेशी प्रवाशांची संख्या लहान नाही. वलंदेज लिन्स्खोतेन १५८३ ते १५८८ ह्या काळात आर्चबिशपच्या पदरी राहून गेला. फ्रांस्वा पिरार हा फ्रेंच खलाशी १६०८ साली कैदी म्हणून आला आणि १६१० च्या आरंभी सुटला. रोमचा सरदार पिएत्रो देल्ला व्हाल्ले १६२३–२४ मध्ये येऊन गेला. ह्या प्रत्येकाने गोवे एकदा पाहिले. जे पाहिले तेच शहराचे स्वरूप, असे मानून त्यांनी लिहिले आणि वाचकांनीही तसेच मानले. एकदा काढलेल्या चित्रात शहर स्थिर उभे असते. ते चढते आहे की उतरते आहे हे त्या चित्रावरून कळत नाही. त्यासाठी तोच माणूस त्याच रस्त्यावर काही वर्षांनी पुन्हा यावा लागतो. गोव्याच्या बाबतीत असा एक माणूस मिळतो. त्याचे नाव झां बातिस्त ताव्हेर्निये. इंग्रजी वळणाने आपल्याकडे तो ‘टॅव्हर्निअर’ म्हणून ओळखला जातो. तो पहिल्यांदा गोव्यास आला १६४१ च्या अखेरीस आणि दुसऱ्यांदा १६४८ च्या आरंभी. मधली वर्षे केवळ सहा. पण ह्या सहा वर्षांच्या अंतरामुळे त्याच्या ग्रंथातील गोव्याच्या प्रकरणाला जी किंमत आली आहे, ती त्याच्याहून विद्वान असलेल्या प्रवाशांच्या वर्णनांनाही आलेली नाही.

ताव्हेर्निये विद्वान नव्हता. १६०५ साली पॅरिसमध्ये, नकाशांचा व्यापार करणाऱ्या एका प्रॉटेस्टंट घरात तो जन्मला. लहानपणी घरात नकाशे पाहून त्याला प्रवासाचा नाद लागला आणि मोठेपणी रत्नांच्या व्यापाराने तो नाद पोसला. १६३१ ते १६६८ ह्या काळात त्याने पूर्वेकडे सहा प्रवास केले. त्यांतील दुसऱ्या प्रवासापासून हिंदुस्थान त्याच्या वाटेवर आला. चौदाव्या लुईला त्याने विकलेला निळा हिरा पुढे ‘होप’ हिऱ्याच्या रूपाने जगप्रसिद्ध झाला, हे अनेकांना ठाऊक असते. त्याचा ग्रंथ मात्र फारसा कोणी संपूर्ण वाचत नाही. तो ग्रंथ १६७६ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे गोव्याच्या दुसऱ्या भेटीनंतर अठ्ठावीस वर्षांनी. शिवाय लेखनात त्याने दुसऱ्याचे साहाय्य घेतले होते. तारखा, अंतरे आणि ऐकीव कथा ह्यांत तो अनेकदा घसरतो. तेव्हा त्याचे प्रत्येक वाक्य प्रमाण मानून चालणार नाही. पण जवाहिऱ्याचा डोळा एका बाबतीत चोख असतो. कोणाच्या घरात किती पैसा आहे आणि तो खरा आहे की देखावा आहे, हे त्याला चटकन कळते. गोव्याच्या प्रकरणात हाच डोळा कामी आला आहे.

अफोंसु द आल्बुकेर्क ह्याने १५१० साली आदिलशाहाकडून हे शहर जिंकून घेतले. पुढील शंभर वर्षांत मांडवीच्या काठी असे नगर उभे राहिले की ज्याने गोवे पाहिले त्याला लिस्बन पाहण्याची गरज नाही, अशी म्हण पोर्तुगीज भाषेत रूढ झाली. पूर्व आफ्रिकेपासून मकावपर्यंत पसरलेल्या साम्राज्याची ही राजधानी होती. येथे व्हाइसरॉय राहत असे. मराठी कागदपत्रांत त्याला ‘विजरई’ म्हटले आहे आणि तो शब्द त्या पदाच्या मूळ पोर्तुगीज नावाला इंग्रजी शब्दापेक्षा जवळचा आहे. ताव्हेर्नियेने शहराचा तट, चांगल्या दगडी बांधणीची घरे आणि विजरईचा वाडा ह्यांची मोकळेपणाने स्तुती केली आहे. वाड्यातील मोठमोठ्या दालनांत लिस्बनहून आलेल्या आणि लिस्बनला गेलेल्या गलबतांची चित्रे लावलेली होती. प्रत्येक चित्राखाली गलबताचे नाव, कप्तानाचे नाव आणि तोफांची संख्या लिहिलेली असे. साऱ्या जुन्या खंडात गोवे, कॉन्स्टॅन्टिनोपल आणि तुलाँ ही तीन बंदरे सर्वोत्तम, असा त्याचा अभिप्राय आहे. एवढे मन मोठे करून लिहिणाऱ्या ह्या गृहस्थाने फळांच्या बाबतीत मात्र हात आखडता घेतला. आंबे, अननस, केळी, नारळ ह्या सगळ्यांहून आपल्याकडचे एक चांगले सफरचंद सरस, असे तो लिहितो. गोमंतकीय वाचकाने ह्या एका वाक्याची त्याला क्षमा करावी आणि पुढे वाचावे.

पहिल्या भेटीच्या वेळी शहराची खरी अवस्था काय होती, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. होर्मुझ १६२२ साली गेले होते. हुगळी १६३२ साली मोगलांनी घेतली. १६३९ मध्ये जपानने पोर्तुगीजांना दार कायमचे बंद केले. १६४१ च्या जानेवारीत मलाक्का वलंदेजांच्या हाती पडले. खुद्द गोव्याच्या मुखाशी १६३७ च्या सुमारापासून वलंदेजांचे आरमार दरवर्षी, पावसाळा सरला की, येऊन उभे राही आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत बंदराची नाकेबंदी करी. ह्या आरमाराला पाणी, तांदूळ, मांस पुरवण्यासाठी वेंगुर्ले येथे आदिलशाही मुलखात वलंदेजांनी १६३७ साली ठाणे घातले. त्या गावी असलेली त्यांची पडकी वखार आजही दाखवतात. वेंगुर्ल्याचा नांगरवाडा उत्तम आहे आणि गोव्याला वेढा घालणारी जहाजे तेथून शिधासामग्री घेतात, हे ताव्हेर्नियेनेही टिपले आहे. म्हणजे १६४१ च्या अखेरीस त्याने पाहिलेले गोवे हे सर्व बाजूंनी कोंडलेले होते. आणि तरीही त्याला तेथे संपन्न माणसे भेटली. वर्षाला दोन हजार एकूंपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या घरी तो गेला, त्यांच्याशी बोलला.

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात ठाणी पडल्याच्या सनावळ्या असतात. त्या वाचून असे वाटते की मलाक्का पडले त्या दिवशी गोव्यातील घरांत चूल विझली असेल. तसे घडत नसते. गोव्यातील फिदाल्गु, म्हणजे सरदारवर्ग, राजाकडून मिळालेल्या सागरी सफरींच्या मक्त्यांवर, दूरच्या ठाण्यांच्या अधिकारपदांवर आणि सिलोनसारख्या ठिकाणच्या गावांच्या वसुलावर जगत होता. मक्ता बुडाला तरी पेटीतले सोने लगेच संपत नाही. आधी साठवलेली रोकड जाते, मग चांदीची भांडी जातात, मग बायकांचे दागिने. घराबाहेरचा थाट सर्वांत शेवटी जातो. १६४१ साली ताव्हेर्नियेने जे पाहिले तो हा थाट होता आणि त्यामागे अजून थोडी शिल्लक होती, असे म्हटले पाहिजे.

१६४८ च्या जानेवारीत तो सुरतेहून वेंगुर्ल्यास आणि तेथून गोव्यास आला. वरकरणी आता दिवस बरे होते. वलंदेजांशी १६४१ साली हेग येथे झालेला तह उशिरा का होईना, १६४४ च्या अखेरीस पूर्वेत अमलात आला होता. नाकेबंदी उठली होती. सिलोनचा माजी सुभेदार दों फिलिप मस्कारेन्यस विजरईच्या आसनावर होता. ताव्हेर्निये त्याच्या भेटीस गेला. वाडा तोच होता. भिंतींवरची गलबते तीच होती.

बदल त्याला दिसला तो संध्याकाळी, त्याच्या मुक्कामाच्या दाराशी. पहिल्या भेटीत ज्यांना त्याने चांगल्या स्थितीत पाहिले होते, त्यांतील काही जण दिवस मावळल्यावर, कोणाच्या नजरेस पडणार नाही अशा बेताने त्याच्याकडे येऊ लागले. ते भीक मागत होते. पण ताठा कमी झालेला नव्हता. विशेषतः स्त्रियांचे त्याने जे वर्णन केले आहे ते एकदा वाचल्यावर विसरणे कठीण आहे. बाई मेण्यात बसून येई. मेणा दाराबाहेर थांबे. बरोबरचा पोरगा आत येऊन बाईंचा नमस्कार सांगे. घरधन्याने जे द्यायचे ते त्या पोराच्या हाती द्यावे किंवा, बाईचा चेहरा पाहण्याची उत्सुकता असेल तर, स्वतः बाहेर जाऊन द्यावे.

ह्या प्रसंगाकडे जवाहिऱ्याने जरा वरच्या अंगाने, काहीशा गमतीने पाहिले आहे. पण त्याच्या ह्या काही ओळींत एका नगराचा हिशेब लिहिलेला आहे. मेणा आहे, तो उचलणारे भोई आहेत, हुजऱ्या पोरगा आहे. नाहीत ते तांदळाला पैसे. गोव्यातील अशा घरांत आफ्रिकेतून आणि इतर ठिकाणांहून विकत आणलेल्या गुलामांची चाल होती. तेव्हा मेण्याखाली खांदा देणाऱ्यांना रोजमुरा द्यावा लागत होता असे समजण्याचे कारण नाही. त्यांना फक्त खायला घालावे लागे. बाईच्या हाती पडलेल्या भिक्षेतून त्यांच्या वाट्याला काय येत असेल, हे विचारावे असे ताव्हेर्नियेला सुचले नाही. पायी येऊन कोणाकडे मागणे ह्या स्त्रीला अशक्य होते, कारण पायी चालणारी बाई प्रतिष्ठित नसे आणि प्रतिष्ठा गेल्यावर मागण्याचाही अधिकार उरत नसे. म्हणून भीक मागण्यासाठीसुद्धा मेणा लागत होता. युद्ध चालू असताना जे उघडे पडले नव्हते ते शांततेच्या चौथ्या वर्षी दाराशी येऊन उभे राहिले. तहाने बंदर उघडले होते, पण पूर्वीच्या सफरी परत आल्या नव्हत्या. आणि दरम्यान पेट्यांचा तळ लागला होता.

दुसरी खूण रुग्णालयाची. गोव्याचे राजकीय रुग्णालय आशियाभर नावाजलेले होते. पिरार १६०८ साली आजारी अवस्थेत तेथे दाखल झाला, तेव्हा त्याला ते रुग्णालय आहे की राजवाडा आहे, असा भ्रम पडला. लाखकाम केलेले पलंग, रेशमी आणि सुती गाद्या, चांदीच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांतून येणारे जेवण ह्यांचे त्याने लांबलचक वर्णन केले आहे. ताव्हेर्निये म्हणतो की तो पहिल्यांदा आला तेव्हाही ह्या संस्थेचे उत्पन्न चांगले होते आणि रोग्यांची शुश्रूषा नीट होत असे. पण पुढे व्यवस्थापक बदलले आणि दुसऱ्या भेटीच्या वेळी तेथे शिरलेले बरेच युरोपीय खांद्यावरूनच बाहेर पडत. रोग्याचे रक्त तीसचाळीस वेळा काढावे आणि मग अशक्त झालेल्या माणसाला रंग यावा म्हणून बारा दिवस तीन तीन पेले गोमूत्र पाजावे, ह्या उपचाराची हकिकतही त्याने दिली आहे. त्यांतील दुसरा भाग स्थानिक वैद्यांकडून उचललेला असावा. वैद्यकाच्या इतिहासकाराला येथे पुष्कळ सामग्री आहे, तिचा विस्तार येथे नको. लक्षात घेण्याजोगी गोष्ट एवढीच की पिरार आणि ताव्हेर्निये ह्यांच्यामध्ये बत्तीसतेहेतीस वर्षे गेली तरी रुग्णालय टिकून होते आणि नंतरच्या सहा वर्षांत ते ढासळले.

केप ऑफ गुड होप ओलांडताच साध्या पेद्रूचा ‘दों पेद्रू’ कसा होतो आणि म्हणून अशा लोकांना थट्टेने ‘केपचे फिदाल्गु’ कसे म्हणतात, हेही ताव्हेर्निये सांगतो. ते वाचताना हसू येते. परंतु दाराशी थांबलेल्या मेण्याचे स्पष्टीकरणही त्याच वाक्यात आहे. मायदेशी जी प्रतिष्ठा नव्हती ती येथे येऊन कमावलेली होती. ती टिकवण्यासाठी रोज खर्च करावा लागे. जन्मजात सरदार गरीब झाला तरी सरदार राहतो. केप ओलांडून झालेला सरदार मेण्यातून उतरला की संपला.

ह्या अवनतीचे कारण त्याने एका शब्दात दिले आहे: वलंदेज. वलंदेजांनी व्यापार हिरावून घेतला, सोन्याचांदीचे झरे आटले आणि शहर वैभवातून खाली आले. हे खरे आहे, पण पुरते नाही. त्याच्याच वर्णनात दुसरे कारण लपलेले आहे. शहराभोवती डोंगर नसते तर वस्ती वाढली असती आणि हवा निरोगी राहिली असती, असे तो जाता जाता लिहितो. गोव्यात १५४३ आणि १५७० साली मोठ्या साथी येऊन गेल्या होत्या. सच्छिद्र जांभ्यावर वसलेल्या ह्या दाट वस्तीत विहिरीचे पाणी आणि घाण ह्यांच्यामध्ये फारसे काही नव्हते. पुढे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तापांनी गावठाणे ओस पाडली, तेव्हा वलंदेजांशी युद्ध केव्हाच संपलेले होते. व्यापाऱ्याला व्यापारातले कारण दिसले. पाण्यातले दिसले नाही. विजरईचे सरकार, धर्मसंस्थांच्या हाती साचलेली मालमत्ता आणि अधिकारपदे तीन वर्षांत वसूल करून घेण्याची रीत ह्यांचा वाटाही लहान नव्हता.

आणखी एक गोष्ट त्याने अर्धीच पाहिली. शहर उतरणीला लागले असे तो म्हणतो तेव्हा ‘शहर’ म्हणजे त्याच्या मते तेथील युरोपीय वस्ती. ह्या भूमीतील मूळ लोकांना पोर्तुगीज ‘कानारीं’ म्हणत. कानडीशी त्यांच्या भाषेचा तसा संबंध नव्हता, पण नाव चिकटले. ह्या लोकांना वकिलीखेरीज सरकारी अधिकाराची पदे मिळत नाहीत, त्यांना कडक दाबात ठेवले जाते आणि त्यांची मुले विद्यालयात पोर्तुगीज मुलांपेक्षा निम्म्या वेळात शिकतात, असे ताव्हेर्निये नोंदवतो. एवढे लिहून तो पुढे जातो. ज्याला पदच नाही त्याचे पद जात नाही. १६४१ आणि १६४८ ह्यांमध्ये ह्या घरांत काय बदलले हे त्याच्या ग्रंथात नाही, कारण पहिल्या भेटीत तो त्या घरांत गेला नव्हता.

त्या लोकांच्या दृष्टीने शहराच्या वैभवाचा काळ आणि त्यांच्या हालअपेष्टांचा काळ एकच होता. तिसवाडीतील देवळे १५४० साली पाडली गेली. बारदेश आणि साष्टीतील १५६६–६७ च्या सुमारास. देव नदीपलीकडे आदिलशाही मुलखात, अंत्रूज महालात नेण्यात आले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास. आज फोंड्याच्या परिसरात दर्शनाला जाणारा भाविक ह्या देवस्थानांना तेथलीच समजतो; वस्तुतः तीही कधीकाळी घर सोडून गेलेली आहेत. ज्यांनी गाव सोडले नाही त्यांच्यासाठी धर्मोपदेशकांना त्यांच्याच वाणीत लिहावे लागले. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे मराठी ओवीत, परंतु रोमन लिपीत छापले गेले. त्याची दुसरी आवृत्ती १६४९ ची आणि तिसरी १६५४ ची. म्हणजे ज्या गोव्यात मेण्यातल्या बायका संध्याकाळी भिक्षेला निघत होत्या, त्याच गोव्यात दुसऱ्याच वर्षी ह्या मराठी ग्रंथाला पुन्हा छापण्याइतके वाचक किंवा श्रोते होते. शहराची एक बाजू रिती होत असताना दुसऱ्या बाजूचे जीवन चालू होते, ह्याचा हा छोटासा पण पक्का पुरावा आहे. ताव्हेर्नियेच्या कानावर हे पुराण पडले असते तरी त्याला ते कळले नसते. तो आपल्या प्रवासात दुभाष्यावर अवलंबून असे.

गोव्याहून तो वेंगुर्ल्यास परतला आणि १६४८ च्या एप्रिलमध्ये वलंदेज जहाजाने बटाव्हियाकडे निघाला. ज्यांनी गोव्याचे सोन्याचे झरे आटवले असे तो लिहितो, त्यांच्याच जहाजातून, त्यांच्याच मुख्य ठाण्याकडे. ह्यात त्याला काही विसंगत वाटले नाही. व्यापाऱ्याला जे जहाज सुटते ते आपले. ग्रंथात त्याने गोव्याच्या दोनच भेटी नोंदवल्या आहेत. त्यानंतर मस्कत १६५० साली गेले, कोलंबो १६५६ साली, जाफना १६५८ साली, कोची १६६३ साली. १६८३ साली संभाजी महाराजांच्या फौजा मांडवीतील जुवे बेटावर उतरल्या, तेव्हा विजरईने आपला राजदंड सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी ठेवला आणि संकट टळल्यावर राजधानी मुरगावास हलवण्याचा घाट घातला. तो पार पडला नाही. १७५९ मध्ये विजरई पणजीच्या आदिलशाही वाड्यात राहायला गेला, १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. गलबतांची चित्रे लावलेला तो वाडा एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच पाडला गेला; आज नदीकाठी विजरईची कमान तेवढी उभी आहे आणि तीही १९५४ साली पुन्हा बांधलेली. जुन्या गोव्यातील चर्चेस आणि मठ ह्यांना १९८६ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. शहर मात्र त्या यादीत नाही, कारण शहर उरलेले नाही.

ताव्हेर्निये आपला सहावा आणि हिंदुस्थानातील शेवटचा प्रवास संपवून १६६८ च्या डिसेंबरात पॅरिसला पोहोचला. त्याच वर्षी, जुन्या गोव्यासमोरच्या दिवाडी बेटापलीकडे डिचोली महालातील नार्वे गावी शिवाजी महाराजांनी सप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार करविला. हा देव मूळचा दिवाडीचा. तेथील देऊळ पाडल्यावर तो नदी ओलांडून नार्व्यास आला होता. नव्या देवळाच्या दारावर शके १५९० च्या कार्तिकाचा शिलालेख बसवण्यात आला. तो आजही जागेवर असून वाचता येतो.